‘बघते’ या शब्दाचं काय झालं: गॉलवेच्या कॉन्फरन्स ऑफिसातले तीन आठवडे आणि नंतरचं आमचं कॉलेज

मी रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात ऑफिसला आहे, हुद्दा वरिष्ठ लिपिक, पण सेमिनार असो, परिषद असो की शिबिर, हॉल कुठला द्यायचा, पाहुणे कुठे उतरणार, जेवायला पानं किती, हे सगळं फिरून फिरून माझ्याच टेबलावर येतं. स्टाफ एक्स्चेंजमधून मला आयर्लंडला गॉलवे शहरात एका विद्यापीठाच्या कॉन्फरन्स ऑफिसात तीन आठवडे काम करायला मिळालं. परत आल्यापासून बाकीच्या कॉलेजांतले लोक विचारतात की तिकडे काय बघितलं आणि इकडे काय जमलं, म्हणून पूर्ण प्रकरण एकदा लिहूनच काढते. दोन्ही संस्थांची नावं मुद्दाम देत नाहीये.

आधी आमच्याकडचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी जायच्या आदल्या वर्षी आमच्याकडे खाडी आणि खारफुटी या विषयावर परिषद झाली. समित्या अकरा. स्वागत, निवास, वाहतूक, भोजन, मंच, प्रसिद्धी असं करत करत अकरा, प्रत्येकीला एक प्राध्यापक प्रमुख, आणि सगळे आपापले तास सांभाळून हे करणार. मुख्य भाषण करणारे पाहुणे कोकणकन्येने पहाटे रत्नागिरी स्टेशनला उतरले. स्टेशन कुवारबावला, गावापासून लांब. निवास समितीला वाटलं गाडी वाहतूकवाले पाठवणार, वाहतूकवाल्यांना वाटलं की पाहुण्यांचं नाव निवासच्या यादीत आहे म्हणजे त्यांनीच गाडी सांगितली असणार. सत्तरी ओलांडलेला माणूस दीड तास फलाटावरच्या बाकावर बसून राहिला, शेवटी रिक्षा करून आला आणि आम्हाला एका शब्दाने बोलला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं.

त्याच दिवशी मुख्य हॉल एनएसएसच्या कार्यक्रमालाही दिलेला निघाला. दोघंही हॉल मागायला आले होते, दोघांनाही ऑफिसातून ‘बघतो’ असं सांगितलं होतं आणि दोघांनीही त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला होता. जेवणाला नोंदणी १२०ची, आले १७०. मेसच्या काकूंनी भात आणि डाळ वाढवून वेळ मारून नेली, पण नंतर दोन दिवस त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

एक्स्चेंजचं असं झालं. युरोपियन युनियनची इरॅस्मस प्लस नावाची योजना आहे, ती विद्यार्थ्यांची म्हणून सगळ्यांना माहीत असते, पण त्यात स्टाफलाही जाता येतं, न शिकवणाऱ्या स्टाफलासुद्धा, ट्रेनिंगसाठी कमीत कमी ५ दिवस आणि जास्तीत जास्त २ महिने. दोन संस्थांमध्ये करार लागतो. आमच्या संस्थेचा करार संशोधनासाठी झाला होता, त्यात एक जागा ऑफिस स्टाफची होती आणि कितीतरी दिवस कुणी अर्जच केला नव्हता, कारण असलं काही आपल्यासाठी असतं हे ऑफिसात कुणाला वाटलंच नाही. माझ्यासारखं कुणी हे वाचत असेल तर आपल्या कॉलेजात असा करार आहे का ते आधी विचारा, खरंच विचारा. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा चालतो, पण आयर्लंड त्या शेंगेनमध्ये येत नाही, त्याचा व्हिसा वेगळा, त्यासाठी मुंबईच्या चकरा झाल्या, ते सगळं इथे सांगत बसत नाही.

गॉलवे पश्चिम किनाऱ्यावर आहे, समोर अटलांटिक. मी जूनमध्ये गेले, रात्री दहापर्यंत उजेड. पहिल्या संध्याकाळी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गेले तर शेवाळाचा आणि ओल्या खडकाचा वास असा आला की डोळे मिटले असते तर आमच्या रत्नागिरीच्या भाट्याच्या किनाऱ्यावरच उभी आहे असं वाटलं असतं. पाऊस बारा महिने, थोडा थोडा. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो तो सगळा चार महिन्यांत, त्यांच्याकडे त्याच्या निम्म्याहून कमी पण वर्षभर पसरलेला. हे मी उगाच सांगत नाहीये, पुढे या पावसाचा संबंध येणार आहे.

कॉन्फरन्स ऑफिस म्हणजे काय हे मला जाईपर्यंत नीट माहीत नव्हतं. तिकडे उन्हाळ्यात मुलं घरी जातात आणि हॉस्टेलच्या खोल्या, लेक्चर हॉल, कँटीन सगळं रिकामं पडतं. ते बाहेरच्या परिषदांना, बैठकांना, पर्यटकांनाही भाड्याने द्यायचं, त्याचे पैसे विद्यापीठाला, आणि हे सगळं बघणारं एक स्वतंत्र ऑफिस. इंग्लंडमध्ये वॉरिकसारख्या विद्यापीठांनी तर परिषदांसाठी वेगळी सेंटर्सच चालवली आहेत. गॉलवेत जुलैमध्ये आर्ट्स फेस्टिव्हल, मग घोड्यांच्या शर्यती, तेव्हा गावात हॉटेल मिळत नाही, म्हणून कॅम्पसवरच्या खोल्यांना मागणी. आपल्याकडे मे महिन्यात चाकरमानी, आंबा आणि पर्यटक एकदम येतात, गणपतीपुळ्याला खोली मिळत नाही, आणि त्याच वेळी आमचं हॉस्टेल कुलूपबंद, हे तिथे बसल्या बसल्या माझ्या डोक्यात चालूच होतं.

त्यांच्या कामाची रीत साधी आहे. फोन किंवा मेल आला की तो एकाच माणसाच्या नावावर चढतो आणि शेवटचं बिल जाईपर्यंत तो कार्यक्रम त्याच माणसाचा. मग खोली प्रोव्हिजनल धरतात, म्हणजे कच्ची, आणि कच्च्या बुकिंगला शेवटची तारीख लावल्याशिवाय सिस्टीम ते सेव्हच करत नाही. त्याच खोलीला दुसरं कुणी आलं तर त्याला दुसरा हक्क देतात, पहिल्याला फोन करतात की आता ठरवा. मग करार, डिपॉझिट, मग आठवडाभर आधी शेवटचा आकडा, आणि शेवटी फंक्शन शीट. ही शीट म्हणजे सगळ्याचा जीव. वेळ, खोली, खुर्च्या कशा मांडायच्या, माणसं किती, माईक कुठला, चहा कधी, ड्युटीवर कोण, सगळं एका कागदावर, आणि तोच कागद सफाईवाल्याकडे, किचनमध्ये, सिक्युरिटीकडे, मॅनेजरकडे. कुणाला वेगळा कागद नाही. आमच्या अकरा समित्यांकडे अकरा कागद होते, आणि पाहुण्यांची गाडी त्यातल्या एकाही कागदावर नव्हती.

किचनच्या रकान्याबद्दल थोडं सांगते कारण मला ते फार आवडलं. युरोपात डिसेंबर २०१४ पासून १४ ॲलर्जी देणाऱ्या पदार्थांची माहिती खाणाऱ्याला द्यावीच लागते, कायदाच आहे. यादीत गहू-बार्लीसारखी ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, तीळ असं सगळं आहे. कोळंबी-खेकडे हा वेगळा प्रकार आणि तिसऱ्या-कालवं-माकुल हा वेगळा प्रकार, म्हणजे आपण कोकणात मासळी म्हणून एकत्र धरतो त्याचे तिथे तीन रकाने. आणि मोहरी! मोहरी त्या यादीत आहे हे वाचून मी थबकले, आपल्याकडे मोहरीशिवाय फोडणी कुठे आहे. असली माणसं आमच्या परिषदांनाही येऊन गेली असतील आणि काही न बोलता नुसता दहीभात खाऊन गेली असतील.

आता मुख्य प्रसंग. दुसऱ्या आठवड्यात मला एक छोटा कार्यक्रम स्वतः सांभाळायला दिला, एक दिवसाची बैठक, ४० माणसं. सगळं व्यवस्थित चाललं होतं. आयोजक बाईंचा फोन आला की दुपारी दोन वाजता गटचर्चेसाठी अजून एक छोटी खोली मिळेल का. मी म्हणाले, येस येस, आय विल सी. माझ्या मनात काय होतं तर ‘बघते’. आणि आपल्याकडे ‘बघते’ म्हणजे काय हे आपल्याला सांगावं लागत नाही, बहुतेक नाही होणार पण तुमच्या तोंडावर कसं सांगू, असा तो शब्द आहे. बाईंनी ते ‘हो’ असं घेतलं, कार्यक्रमपत्रिका छापली, गटांची नावं टाकली, लोकांना मेल गेला. ती खोली दोन वाजता दुसऱ्या डिपार्टमेंटने पक्की केलेली होती. गुरुवारी फंक्शन शीटच्या बैठकीत हे उघडं पडलं, कार्यक्रम मंगळवारी.

माझ्या पोटात गोळा आला. मला ते रत्नागिरी स्टेशनचं बाकडं आठवलं.

माझी मॅनेजर चिडली नाही. तिने माझ्यासमोर आयोजक बाईंना फोन लावला आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं की दोन वाजता ती खोली मिळणार नाही, चूक आमच्या ऑफिसची आहे, साडेतीनला मिळेल किंवा दोन वाजता बाहेरच्या मोकळ्या जागेत पडदे लावून बसता येईल, उद्या दुपारी बारापर्यंत सांगा. बाईंनी साडेतीन घेतलं. चार मिनिटांचा फोन. मग तिने मला विचारलं की तू तेव्हाच नाही का म्हणाली नाहीस. मी तिला आपल्याकडचं सगळं सांगितलं, की दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान, आणि नाही म्हटलं तर माणूस वर जातो आणि वरून हो येतं, मग नाही म्हणणारा तेवढा वाईट होतो. तर ती म्हणाली, आम्ही आयरिश लोक पण तोंडावर नाही म्हणत नाही, आम्हालाही ते जमत नाही, म्हणून तर हे तारखेचं काढलं. नाही आपण म्हणायचंच नाही, तारीख म्हणते.

हे माझ्यासाठी पूर्ण नवीन होतं. मी समजत होते की ही माणसं मुळातच रोखठोक, म्हणून त्यांचं नीट चालतं आणि आमचं चालत नाही. तसं नव्हतं. त्यांनाही आमच्यासारखाच संकोच होता आणि त्या संकोचाला सांभाळून घेणारी रीत त्यांनी बसवली होती. मग आपल्याला का बसवता येऊ नये, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं झालं, आणि परत येऊन मी जे काही केलं ते सगळं या एका गोष्टीतून आलंय.

परत आल्यावर प्राचार्य सरांकडे एकच गोष्ट मागितली. सॉफ्टवेअर नको, माणूस नको, हॉल आणि खोल्यांचं एकच रजिस्टर, माझ्या टेबलावर, आणि दुसरीकडे कुठेही नोंद नाही. कच्चं बुकिंग पेन्सिलने, बाजूला तारीख, तारीख गेली की मी खोडणार. पक्कं लाल पेनाने. सर म्हणाले करून बघा. मामांना, म्हणजे आमच्या शिपायांना, मी सांगितलं की किल्ली फक्त लाल नोंदीला द्यायची. हे मामांनी इतकं मनावर घेतलं की एकदा सरांच्याच मीटिंगला किल्ली अडकवली आणि सर हसत माझ्याकडे येऊन नोंद करून गेले, तेव्हापासून स्टाफमध्ये कुणी वाद घातला नाही.

बाहेरच्या फोनचं मात्र सगळं सुरळीत झालं असं सांगणार नाही. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनाला लाल पेनाने दिलेला हॉल एका राजकीय सभेसाठी ऐनवेळी काढून घ्यावा लागला. मुलांचे तक्ते व्हरांड्यात लागले. मी रजिस्टरमध्ये त्या नोंदीपुढे फोन कुणाचा, किती वाजता आला, कुणी होकार दिला हे लिहून ठेवलं, फाडलं नाही की खोडलं नाही. त्यानंतर असा फोन आला की सर स्वतः आधी रजिस्टर मागवतात.

शीटचं नाव आमच्याकडे ‘कागद’ पडलं. मेसच्या काकू विचारतात, कागद आला काय गो? मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानाचा. आयर्लंडमध्ये पाट्या दोन भाषांत असतात, आधी आयरिश मग इंग्रजी, विद्यापीठातसुद्धा, ते बघून मी इथेही परिषदेच्या पाट्या आधी मराठीत केल्या, कारण मामांना, काकूंना आणि ड्रायव्हरना त्याच वाचायच्या असतात.

मग पुढच्या जानेवारीत पुन्हा खाडीवरचीच परिषद आली आणि एक्स्चेंजच्या दुसऱ्या बाजूने माझी ती मॅनेजर दहा दिवसांसाठी आमच्याकडे आली. काकू तिला पहिल्या दिवसापासून ‘बाय’ म्हणायला लागल्या. मी मोठ्या अभिमानाने तिला कागद दाखवला, दुसरा दिवस, दुपारी दोन वाजता होडीतून खारफुटी बघायला काजळीच्या खाडीत. होडीवाल्या मामांना वेळ पक्की करायला फोन केला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तिथी कोणती? मी कालनिर्णय बघितलं, एकादशी. मामा म्हणाले, अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे भरती सकाळी सव्वाआठला, दोन वाजता सुकती, म्हणजे ओहोटी, चिखलात होडी कुठे घालू?

हा हिशोब आपल्याकडे किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. भरती रोज पाऊण तासाच्या थोडी वर पुढे सरकते आणि तिथीही रोज एकाने पुढे जाते, म्हणून तो जमतो. थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून मी सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनही खात्री केली, फार फरक नव्हता. माझ्या कागदावर वेळ होती, खोली होती, माईक होता, ड्युटीवरचा माणूस होता, आणि खाडीचं पाणी नव्हतं. समुद्राकाठी राहून.

आणि एकादशी म्हटल्यावर दुसरी गोष्ट लगेच लक्षात आली, उपास. वीसेक जण तरी उपासाचे निघणार. होडी सकाळी साडेसातला घेतली, म्हणजे नाश्ता सातच्या आत, उपासाला साबुदाण्याची खिचडी. तेव्हा मॅनेजर बाजूला बसून कागद वाचत होती, तिने विचारलं यात काय काय असतं. शेंगदाण्याचा कूट म्हटल्यावर तिने नोंदणीचे फॉर्म मागितले, ज्यात मी यावेळी पहिल्यांदाच ‘काय चालत नाही’ असा रकाना टाकला होता, आणि त्यात एका विद्यार्थिनीने शेंगदाणे लिहिलं होतं, आणि तिचा उपासही होता. काकूंनी तिच्यासाठी वरीचे तांदूळ वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने केले. एका तिथीने होडीची वेळही बदलली आणि नाश्ताही. तेव्हापासून आमच्या कागदावर सगळ्यात वर, तारखेच्या शेजारी, तिथी आणि भरतीची वेळ असते. मॅनेजरने त्याचा फोटो काढून नेला.

मॅनेजर काय शिकली हेही लिहिते, कारण एक्स्चेंज दोन्ही बाजूंचा असतो. शेवटचा आकडा आठवडाभर आधी बंद, ही त्यांची रीत मी इथे लावून बघितली आणि ती जमली नाही. आपल्याकडे माणूस नोंदणी न करता मित्राबरोबर येतो आणि त्याला जेवायला घातल्याशिवाय पाठवता येत नाही, पाठवूही नये असं माझं मत आहे. काकूंची पद्धत अशी की आकडा मिळाला की त्याच्या वर अजून चाळीस माणसांचे तांदूळ निवडून आणि डाळ धुवून बाजूला ठेवायची, चूल चालू ठेवायची, आणि अकरा वाजता हॉलमध्ये एक फेरी मारून डोकी मोजून यायची. वाढीव माणसं लागली तर पाऊण तासात जेवण तयार, नाही लागली तर तांदूळ परत डब्यात. तिने हे घड्याळ लावून बघितलं. तिच्याकडे बाहेरून येणारं जेवण मोजून येतं, दहा माणसं जास्त आली तर तिला हात टेकावे लागतात. आता कागदावर ‘काकूंची फेरी, ११ वाजता’ अशी ओळ छापलेली असते आणि वाढीव चाळीस माणसांचा खर्च बजेटमध्ये उघडपणे धरलेला असतो, आधी तो काकू कुठून कुठून भागवायच्या.

हॉस्टेल मे महिन्यात भाड्याने द्यायचं मात्र जमलं नाही. मी प्रस्ताव लिहिला, दर काढले, चादरींचा हिशोब केला. कारण पैशाचं किंवा परवानगीचं नव्हतं, ते पुढचं झालं, पहिलं कारण पाणी. मे महिन्यात आमची विहीर तळाला जाते, टँकर येतो. एवढा पाऊस पडून वाहून जातो आणि नेमक्या ज्या महिन्यात पाहुणे यायला तयार असतात त्या महिन्यात आंघोळीचं पाणी नाही. गॉलवेसारख्या बारा महिने भिजणाऱ्या गावाला हा प्रश्न सुट्टीच्या धंद्यात आडवा येत नाही. प्रस्ताव मी मागे घेतला आणि त्याच्या जागी छपरावरचं पाणी टाकीत साठवायचा प्रस्ताव दिला, तो व्यवस्थापनाकडे आहे.

डिपॉझिटही अजून घेता येत नाही. कार्यक्रमानंतरची चुकांची बैठक तिथे सगळे एकत्र बसून करतात, इथे सर समोर असले की सगळे ‘छान झालं’ म्हणतात, म्हणून मी दुसऱ्या दिवशी एकेकाकडे वही घेऊन जाते, मामा, काकू, ड्रायव्हर, माईकवाला. काकूंनी मागच्या वेळी सांगितलं की कागद आदल्या दिवशी येतो तो दोन दिवस आधी पाहिजे, नारळ सांगायला लागतात.

जानेवारीच्या त्या परिषदेला पहिल्या वेळचेच पाहुणे पुन्हा बोलावले होते. कागदावर पहिली ओळ त्यांचीच होती, गाडी नंबर, ड्रायव्हरचा मोबाईल, आणि जबाबदार म्हणून माझं नाव. कोकणकन्या अर्धा तास उशिरा आली. मी स्वतः फलाटावर होते, हातात थर्मास. त्यांनी मला ओळखलं, चहा घेतला आणि विचारलं, यावेळी होडी किती वाजता?